बॅरन बेट १८७ वर्षं गप्प होतं. मग आपली सीताबर्डीची टेकडी मेलेली कशावरून?

भूगोलसर_नागपूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी पश्चिम नागपुरातल्या एका शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवतो. ज्वालामुखीचा धडा घेताना बॅरन बेटाचा व्हिडिओ वर्गात दाखवला. सप्टेंबर २०२५ मध्ये १३ आणि २० तारखेला तिथे छोटे उद्रेक झाले आणि नौदलाने ते टिपले, तोच हा व्हिडिओ. पोट्टे एकदम गप्प. एरवी माझ्या तासाला इतकी शांतता नसते.

पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं: भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमान समुद्रात. त्यापुढे मी फळ्यावर उद्रेकांची सनावळी लिहिली. १७८७, १७८९, १७९५, १८०३-०४ आणि मग एकदम १९९१. त्यावर एका मुलीने हात वर केला. तिचं म्हणणं असं, की जो डोंगर १८७ वर्षं झोपला त्याला आपण जागृत म्हणतो. मग आपल्या नागपूरचा काळा दगडही लाव्हाचाच आहे, सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची आहे, तर ती झोपलेली आहे की मेलेली, हे कसं ठरवलं? शेजारच्या मुलाने आणखी एक प्रश्न विचारला: त्या बेटावर कोणीच राहत नाही, मग ते १८७ वर्षं शांत होतं हे पाहिलं कोणी?

डेक्कन ट्रॅप, म्हणजे दख्खनभर पसरलेला हा लाव्हाचा दगड, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे आता काही होणार नाही, एवढं मी सांगितलं. पण ते उत्तर मलाच पटलं नाही. फार वर्षं झाली म्हणून मेलेलं, हे कारण होऊ शकत नाही. तिचा मुद्दा नेमका तोच होता.

इथे भूगर्भशास्त्रातली मंडळी आहेत. पुढच्या आठवड्यात वर्गात नीट उत्तर द्यायचं आहे. नववीच्या मुलांना कळेल असं, पण पातळ केलेलं नको.

---

शिलाकाप यांचं उत्तर

सर, त्या दोन्ही मुलांना माझ्यातर्फे शाबासकी द्या. एकाचा प्रश्न पुराव्याबद्दल आहे, दुसरीचा कारणाबद्दल. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नागपुरातच शिकले आणि निवृत्तीपर्यंत खडकांच्या प्रयोगशाळेत काम केलं. दगडाचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करायचा, काचेवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा, हे माझं काम. सीताबर्डी, सेमिनरी हिल्स, गिट्टीखदान इथल्या काळ्या दगडाचे काप माझ्या हातून पुष्कळ गेले. बॅरन बेटाच्या लाव्हाचे कापही मी पाहिले आहेत. दोन्ही बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, पण त्यांची कहाणी पार वेगळी.

आधी शेजारच्या मुलाचा प्रश्न: पाहिलं कोणी?

तुम्ही फळ्यावर लिहिलेली सनावळी ज्वालामुखीने लिहिलेली नाही. ती त्या वाटेने गेलेल्या जहाजांनी लिहिली आहे. बॅरन बेट पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. जेमतेम तीन किलोमीटर रुंद, गोलसर, निर्जन. मे १७८७ मध्ये तिथून जाणाऱ्या जहाजावरून धुराचा खांब दिसला, म्हणून १७८७ ही पहिली नोंद. त्याआधी बेट शांत होतं असा त्याचा अर्थ अजिबात नाही. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर अंदमानची पाहणी करायला आला, म्हणून १७८९ ची नोंद मिळते, आणि तीही सुरेख. धुराचे लोट, लालभडक दगडांचा वर्षाव, आणि तीन-चार टन वजनाचे धोंडे शंकूच्या पायथ्यापासून शेकडो यार्ड पलीकडे फेकले गेलेले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ब्रिटिशांनी तेव्हा अंदमानात वसाहतीचा पहिला प्रयत्न चालवला होता, त्यामुळे त्या पाण्यात जहाजांची ये-जा होती. १७९६ मध्ये ती वसाहत गुंडाळली गेली. पुढे १८०३ ची नोंद आहे ती जेम्स हॉर्सबर्ग या जलमार्गतज्ज्ञामुळे.

या हॉर्सबर्गची नोंद मुलांना जरूर वाचून दाखवा. त्याने लिहिलं आहे की ज्वालामुखी नियमित दर दहा मिनिटांनी फुटत होता, प्रत्येक वेळी काळ्या धुराचा उभा खांब उंच जायचा आणि रात्री विवराच्या पूर्व अंगाला आग दिसायची. आता जानेवारी २०१७ ला या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ सिंधु संकल्प या जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होते. २३ जानेवारीला अचानक राख उडू लागली. त्यांनी काय नोंदवलं? पाच ते दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक, दिवसा फक्त राखेचे ढग, सूर्य मावळल्यावर विवरातून लाल लाव्हाची कारंजी. दोन नोंदींमध्ये दोनशेहून जास्त वर्षं. ज्वालामुखी तोच आणि त्याची लयही जवळपास तीच. मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

अशा थांबत थांबत फुटण्याला स्ट्रॉम्बोली पद्धतीचा उद्रेक म्हणतात. शिलारस पातळसर असतो, त्यातला वायू मोठमोठ्या बुडबुड्यांच्या रूपात वर येतो, तोंडाशी फुटतो आणि सोबत लाव्हाचे गोळे उडवतो. मग पुढचा बुडबुडा येईपर्यंत शांतता. अशा उद्रेकाची राख फार उंच जात नाही. म्हणजे १३५ किलोमीटरवरच्या पोर्ट ब्लेअरला त्याचा पत्ताही लागणार नाही. जवळून जहाज जायला हवं, आणि जहाजावरच्या माणसाने लिहून ठेवायला हवं.

मग १८०४ ते १९९१ ही शांतता खरी का? एकोणिसाव्या शतकापुरती बऱ्यापैकी खरी. त्या शतकात अधूनमधून माणसं बेटावर उतरली आणि त्यांनी काय पाहिलं ते लिहिलं. किनाऱ्यावर एक गरम पाण्याचा झरा होता. सुरुवातीच्या पाहुण्यांना तो उकळता मिळाला आणि पुढे पुढे येणाऱ्यांना कमी कमी तापलेला. आतली उष्णता उतरत चालल्याचा हा चांगला पुरावा आहे. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एफ. आर. मॅलेट तिथे गेले. बेटाचा नकाशा झाला, खडक तपासले गेले, शंकूच्या माथ्यावर गंधक आणि वाफा तेवढ्या आढळल्या. त्यांचा प्रबंध १८८५ मध्ये छापला गेला आणि पुढे शंभर वर्षं बॅरनबद्दल जे कोणी लिहिलं ते त्याच्याच आधाराने. विसाव्या शतकात मात्र साक्षीदार विरळ आहेत. त्या काळात मोठा उद्रेक झाला असता, लाव्हाचा नवा ओघ समुद्रापर्यंत आला असता, तर तो जागेवर दिसलाच असता. पण थोडे दिवस राख उडवून थांबणारा छोटा उद्रेक? तो कोणाच्या नजरेला न पडता होऊन जाऊ शकतो. म्हणून मुलांना सांगा, फळ्यावरची यादी वाचताना प्रत्येक सनाशेजारी एक साक्षीदार लिहायचा. साक्षीदार नसेल तिथे ज्वालामुखी शांत होता असं लिहायचं नाही, जागा कोरी ठेवायची.

१९९१ पासून ही अडचण गेली. त्या वर्षी मार्चच्या अखेरीला उद्रेक सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. लाव्हा पश्चिमेकडच्या खिंडारातून, जुन्या लाव्हाच्याच वाटेने, समुद्रात उतरला. मग १९९४-९५, मग मे २००५, आणि त्यानंतर थोड्या थोड्या खंडाने चालूच आहे. आता अवरक्त किरण टिपणारे उपग्रह रोज वरून जातात, तापलेली जागा लगेच सापडते. राखेचा ढग उठला तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं केंद्र विमानांना इशारा देतं. १९९१ नंतर सनांची गर्दी झाली त्यात ज्वालामुखीचा वाटा आहेच, पण या नव्या डोळ्यांचाही आहे.

आता यादीच्या पलीकडचा पुरावा, म्हणजे खुद्द दगड. समुद्राच्या वर दिसतं ते बेट हे ज्वालामुखीचं टोक आहे. आजूबाजूचा समुद्रतळ दोन हजार मीटरहून खोल आहे आणि डोंगर तिथून उभा आहे. पाण्यावरची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास. बेटाच्या कडेने जुन्या ज्वालामुखीची उभ्या कड्यांची भिंत आहे, सुमारे दोन किलोमीटर व्यासाची. त्या जुन्या ज्वालामुखीचं डोकं कधीतरी कोसळलं आणि आत मोठं कुंड उरलं. या कुंडाच्या मधोमध नवा शंकू उभा राहिला, परातीत पिठाचा ढीग घालावा तसा. फक्त ही परात पश्चिमेला फुटलेली आहे, त्या फटीतून लाव्हा समुद्राला मिळतो. १७८७ पासून आजवरचे सगळे उद्रेक या आतल्या शंकूचे. बाहेरच्या भिंतीतल्या जुन्या लाव्हाचं वय आरगॉन पद्धतीने काढलं गेलं आहे, ते सुमारे १६ लाख वर्षं येतं. आणि जवळच्या समुद्रतळातून गाळाचा जो लांब गाभा काढला, त्यात गेल्या सुमारे ७० हजार वर्षांतल्या राखेचे अनेक थर सापडले. त्या हिशेबात १८७ वर्षं म्हणजे दोन श्वासांमधलं अंतरसुद्धा नाही.

म्हणून मला जागृत, सुप्त, मृत ही शाळेतली तीन खाती आवडत नाहीत. १९९० साली बॅरन सुप्त खात्यात होतं, पुढच्याच वर्षी जागृत खात्यात गेलं. डोंगराच्या पोटात एका वर्षात काही बदललं नव्हतं. अभ्यासक साधारण गेल्या दहा-बारा हजार वर्षांत उद्रेक झाला असेल तर त्या ज्वालामुखीला जागृत धरतात. ते जास्त बरं, कारण माणसाच्या आठवणीपेक्षा ती मुदत खूप मोठी आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. तिला सांगा की तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. किती वर्षं गप्प आहे यावरून मरण ठरत नाही. शिलारस कुठून येतो आणि तो पुरवठा अजून चालू आहे का, यावरून ठरतं.

बॅरनचा पुरवठा असा आहे. अंदमानच्या पश्चिमेला समुद्रात खंदक आहे. तिथे भारतीय भूपट्ट तिरकस पूर्वेकडे बुडतो आणि अंदमानच्या खाली सरकतो. समुद्रतळाचे खडक पाणी शोषलेले असतात. खोल गेल्यावर दाबाने आणि उष्णतेने ते पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, शिरतं. प्रावरणाचा खडक एरवी ज्या तापमानाला घट्ट राहिला असता त्याच तापमानाला पाण्यामुळे वितळू लागतो. हा शिलारस वर येतो, तेच बॅरन. पट्ट आजही बुडतो आहे, म्हणजे कारखाना चालू आहे.

हे पाणी कापात दिसतं. बॅरनच्या लाव्हात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे मोठाले पांढरे स्फटिक खच्चून भरलेले असतात, सोबत ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही खनिजं. या फेल्डस्पारमध्ये कॅल्शियमचं प्रमाण विलक्षण जास्त असतं, आणि ते पाणीदार शिलारसाचं लक्षण आहे. आपल्या सीताबर्डीच्या दगडातलं फेल्डस्पार तसं नसतं. दोन काप शेजारी लावले की शिकाऊ पोरालाही फरक कळतो.

आणि आपला दगड? पहिली गोष्ट, सीताबर्डीची टेकडी हा ज्वालामुखी कधीच नव्हता. तिला मुख नाही, विवर नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हाचे पूर आले आणि थरावर थर पसरले. आज शिल्लक आहे तेच क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. नागपूर या पसाऱ्याच्या पूर्व काठावर आहे. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेला गेलात की तो संपतो आणि खालचे जुने खडक वर येतात. पावसापाण्याने आजूबाजूचं झिजलं, मध्ये उरलं ती टेकडी.

हा लाव्हा आला कुठून? बहुतेक अभ्यासक मानतात की तो एका तप्तबिंदूतून आला, म्हणजे खोलातून शिलारस पुरवणाऱ्या तापलेल्या जागेतून, आणि तो तप्तबिंदू आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा पट्ट उत्तरेला सरकत गेला, तप्तबिंदू मागे राहिला. नागपूरपासून ते बेट पाच हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर फुटतो. म्हणजे आपली चूल विझली नाही सर, आपण तिच्यावरून उठून निघून आलो. सीताबर्डीखाली शिलारसाचा पुरवठा नाही, म्हणून तिथे उद्रेक होणार नाही. ६ कोटी ६० लाख वर्षं झाली म्हणून नव्हे.

---

खलाशी_नागपूरकर

मॅडमनी साक्षीदारांचं लिहिलं म्हणून मी माझी साक्ष देतो. जन्म महालातला, पोहायला शिकलो अंबाझरीत आणि नोकरी केली अंदमानच्या समुद्रात. २००५ च्या उद्रेकात आमचं जहाज बॅरनच्या पश्चिमेने गेलं होतं.

दिवसा लांबून फार काही वाटत नाही. करड्या रंगाचं बेट, वर करडा धूर. वारा आमच्याकडे वळला की गंधकाचा वास यायचा, घशाला बोचायचा, आणि डेकवर बारीक राख बसायची. बोटाने उचलली तर वाळूसारखी खरखरीत, चुलीतल्या राखेसारखी मऊ नाही. रात्री मात्र डोळे हटत नव्हते. शंकूच्या तोंडातून लाल गोळे उडायचे, उतारावर पडायचे आणि घरंगळत खाली यायचे, प्रत्येकाची लाल रेघ दिसायची. आवाज मागाहून यायचा. आधी उजेड, मग छातीत धप्प. पाळीवरचा एक पोरगा मोजत होता, उजेड आणि आवाज यांतल्या सेकंदांवरून अंतर काढत होता. सर, हे गणित तुमच्या वर्गात घेता येईल: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो.

एक गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटतं. तिथे नांगर टाकणं कठीण. किनाऱ्याच्या अगदी जवळ गेलं तरी तळ लागत नाही, डोंगर पाण्यात तसाच सरळ खाली जातो. अठराव्या शतकातल्या खलाशांनीही हेच लिहून ठेवलं आहे. म्हणून जहाजं थांबायची नाहीत, जाता जाता बघायची आणि पुढे निघायची. नोंदी इतक्या तुटक का, याचं हेही एक कारण.

आणि हो, बेटावर बकऱ्या आहेत. जुन्या काळी कोणीतरी सोडलेल्या, रानटी झालेल्या. कड्यांच्या बाहेरच्या अंगाला झाडी आहे, तिकडे त्या तगून आहेत. आतला भाग सगळा काळा.

---

एमपीएससी_वाटचाल

सगळ्यांचे आभार, नोट्स काढून घेतल्या. मॅडम, परीक्षेत नारकोंडम आणि बाराटांग पण येतात. तिन्हींत गोंधळ होतो. सोप्यात सांगाल का?

---

शिलाकाप

नारकोंडम बॅरनच्या उत्तरेला, त्याच ज्वालामुखी रांगेत. उंच, ७१० मीटर, आणि दाट जंगलाने झाकलेला. त्याचा शिलारस जास्त सिलिकाचा, चिकट, म्हणून खडक अँडेसाइट आणि डेसाइट. ऐतिहासिक काळातल्या उद्रेकाची नोंद नाही. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथेच आढळतो.

बाराटांगचा चिखल-ज्वालामुखी ही निराळीच गोष्ट आहे. तिथे शिलारस नाही. जमिनीखालच्या गाळातला वायू पाणी आणि चिखल घेऊन वर येतो. नावात ज्वालामुखी आहे म्हणून त्याला बॅरनच्या रांगेत बसवू नका.

---

वर्धारोडवाला

माझा एक प्रश्न. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप, त्सुनामी, आणि पाच महिन्यांत बॅरन फुटलं. माझा चुलतभाऊ तेव्हा पोर्ट ब्लेअरला होता, तो आजही म्हणतो की भूकंपानेच ज्वालामुखी जागा केला. २०२५ मध्येही उद्रेकांच्या आसपास भूकंपाचा धक्का बसल्याच्या बातम्या होत्या. संबंध आहे की नाही?

---

शिलाकाप

दादा, तुमच्या चुलतभावाने ते दिवस तिथे काढले आहेत, त्यामुळे दोन्ही घटना त्याच्या मनात जोडल्या जाणं स्वाभाविक आहे. त्यांचं मूळ एकच आहे, हे तर नक्की. पट्ट बुडतो म्हणून भूकंप होतात आणि पट्ट बुडतो म्हणूनच शिलारस तयार होतो. २००४ चा भूकंप ९.१ तीव्रतेचा होता, सुमात्रापासून अंदमानपर्यंतची भेग हजार किलोमीटरहून लांब सरकली. एवढ्या हादऱ्याने शेजारच्या ज्वालामुखीखालचा दाब बदलू शकतो. आधीच भरून आलेला शिलारस असेल तर त्याला वाट मिळू शकते.

पण जुन्या नोंदींकडे बघा. बॅरन १९९१ मध्ये फुटलं तेव्हा असा महाभूकंप झाला नव्हता. १९९४ मध्येही नव्हता. म्हणजे २००५ च्या आधीच ते जागं होतं, चौदा वर्षांत दोनदा फुटून झालं होतं. भूकंपाने फार तर पुढचा उद्रेक थोडा अलीकडे ओढला असेल. त्याला झोपेतून उठवलं असं मी म्हणणार नाही. आणि लहानसहान धक्क्यांबद्दल म्हणाल तर अंदमानच्या पट्ट्यात ते सतत होतच असतात. कुठल्याही उद्रेकाच्या मागेपुढे एखादा सापडेलच. वर्तमानपत्रं दोन्ही एका मथळ्यात घालतात, पण जवळ जवळ घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही.

नागपूरकरांसाठी एक खुलासा, कारण मला प्रत्यक्ष भेटीत हे नेहमी विचारतात. बॅरन आपल्यापासून अठराशे किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या उद्रेकाचा आपल्या जमिनीशी काही संबंध नाही. राखही इथे येत नाही, उद्रेक त्या ताकदीचे नाहीत.

---

भूगोलसर_नागपूर

मॅडम, खलाशीदादा, सगळ्यांचे मनापासून आभार. मी फळ्यावर आता तीन रकाने करणार: सन, काय दिसलं, कोणी पाहिलं. आणि त्या मुलीचं उत्तर तुमच्याच शब्दांत देणार, की चूल विझली नाही, आपण उठून आलो.

एकच विनंती. मुलांना नागपुरातच लाव्हा दाखवायचा आहे. शाळेने अर्ध्या दिवसाची परवानगी दिली आहे. कुठे नेऊ? आणि नेमकं काय दाखवू?

---

शिलाकाप

अर्ध्या दिवसात दोन जागा पुरे, जास्त केल्या तर मुलं थकतात आणि काहीच बघत नाहीत.

सेमिनरी हिल्सला सकाळी लवकर न्या. रस्त्याच्या कडेला जिथे टेकडी कापलेली आहे तिथे थांबा. दगडात लहान लहान पोकळ्या दिसतील, काहींत पांढरं खनिज भरलेलं असेल. त्या पोकळ्या म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. थराच्या वरच्या भागात त्या जास्त असतात, कारण वायू वर चढतो. मुलांना हेच शोधायला लावा: बुडबुडे कुठे दाट आहेत, कुठे नाहीत. ज्याला ते कळलं त्याला एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे बोटाने दाखवता येईल. दगड फोडायला देऊ नका, तुकडे पुष्कळ पडलेले असतात.

दुसरी जागा टाकळीचा परिसर. बराचसा आता घरांखाली गेला आहे, पण मुलांना तिथे उभं करून सांगण्यासारखं आहे. लाव्हाचे दोन थर यायच्या मधल्या काळात इथे तळी साचत होती, त्यांत गोगलगायी आणि वनस्पती होत्या. त्यांचे जीवाश्म १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप यांनी इथून गोळा केले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्या गोगलगायी म्हणजे आपल्या लाव्हाच्या शांततेचा पुरावा, आणि तो कुठल्याही जहाजावरच्या माणसाने लिहिलेला नाही. एक पूर थांबला, तळं साचून त्यात जीव वाढण्याइतका काळ गेला, मग पुढचा पूर आला. तुमच्या तीन रकान्यांत कोणी पाहिलं इथे गोगलगाय लिहायला मुलांना फार आवडेल.

सीताबर्डीचा किल्ला एरवी बंद असतो, लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. तेव्हा पालकांना सांगा, घरच्यांसोबत जातील.

येताना मुलांनी दोन-चार तुकडे उचलून आणावेत, प्रत्येक तुकड्याला कागदाची चिठ्ठी लावून: कुठून उचलला, थराच्या वरच्या भागातला की खालच्या. चिठ्ठी नसलेला तुकडा माझ्याकडे आणू नका. बाकीचे मी कापून देईन. घरी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, तो शाळेत घेऊन येते. काचा फिरवून बघताना फेल्डस्पारच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या होत जातात, त्या आधी बघायच्या, मग त्यांच्यामधलं पायरॉक्सिन शोधायचं. बॅरनच्या कापाचे फोटो सोबत आणीन, म्हणजे तिथले मोठे स्फटिक आणि इथले बारीक असे एका टेबलावर लावता येतील. वर्गाला किती मुलं आहेत ते कळवा, तीस असतील तर दोन तुकड्या कराव्या लागतील.